हुबळी ते धारवाड, वीस किलोमीटर

आमचे गणिताचे सर भारी खट होते. कोणी उत्तर सांगितलं की खडू फळ्यावर आपटून कन्नडमध्ये विचारायचे, "याव कडे?" म्हणजे कोणीकडे? नुसतं वीस किलोमीटर म्हटलं तर तो स्केलर, नुसता आकडा. वीस किलोमीटर वायव्येला म्हटलं की व्हेक्टर, कारण आता त्याला दिशा आली. बाण काढायला कोणी विसरलं की सर वही सरळ भिरकावून परत द्यायचे. माझी वही एकदाही परत आली नाही. धारवाडच्या त्या कॉलेजात बी.एस्सी.ला गणित घेतलेल्या आम्ही तिघीच मुली, आणि व्हेक्टरमध्ये मला पैकीच्या पैकी मिळायचे. केवढा तोरा होता मला त्याचा!

शेवटच्या वर्षाला असतानाच माझं लग्न ठरलं. मुलगा हुबळीचा, लॅमिंग्टन रोडवर कापडाचं दुकान, देशपांडे नगरात घर. परीक्षा होऊ द्या म्हणून मी रडून गोंधळ घातला. अप्पा शाळामास्तर, मोजूनमापून बोलणारे. बैठकीतच मला म्हणाले, "अगं, वीस किलोमीटर तर आहे! अर्ध्या-पाऊण तासाची बस. लग्न झाल्यावर दे की परीक्षा, कोण नको म्हणतंय?" सासरचेही हो म्हणाले. मला पटलं, मी मान डोलावली.

परीक्षा पंधरा दिवसांवर आली तेव्हा मी सासूबाईंना विचारलं.

"जा की," त्या म्हणाल्या. "पण सुनेला न्यायला माहेरचं माणूस यावं लागतं. पहिल्याच वर्षी आपणहून पाठवली तर लोक म्हणतील, हाकलली."

मी अप्पांना पत्र टाकलं. आई माझ्या लहानपणीच गेलेली, भाऊ नाही. येणार तर अप्पाच. चौथ्या दिवशी केलगेरीहून, म्हणजे धारवाडच्या आमच्या घरून, उत्तर आलं. मुलीला मूल होईपर्यंत बाप तिच्या सासरचा उंबरा चढत नाही, तिथलं पाणीसुद्धा पीत नाही, ही आपल्या घरची रीत. जावईबापूंनी आणून सोडावं. खाली अक्षर तेच, सुबक, मास्तरांचं.

मग ह्यांना सांगितलं. हे आठवड्यातून दोनदा स्कूटरवरून धारवाडला जायचे, साड्यांचे गठ्ठे घेऊन. "आईचं मन कसं मोडू? अप्पांनीच जरा समजून घ्यायला नको का?" म्हणाले आणि किक मारून गेले. अस्सा राग आला! गठ्ठ्यांना न्यायला कोणी यावं लागत नव्हतं.

पेपरच्या दिवशी मी पहाटे उठून न्हाले, पेनात शाई भरली, इस्त्रीची साडी नेसले. अप्पा येतील असं अजून वाटत होतं. बसस्टँडकडे एकटीनं जायचा विचार मनात आला नाही असं नाही. पण तसं गेले असते तर परत या घरात कुठल्या तोंडानं आले असते? आणि अप्पांनी तरी ठेवून घेतलं असतं का? दहा वाजता सासूबाई म्हणाल्या, "आता नेसलीच आहेस तर देवळात जाऊन ये." मी गेले. काय मागितलं देवाकडे, देव जाणे.

पुढच्या वर्षी देऊ, असं सगळेच म्हणाले. पुढच्या वर्षी मला सातवा महिना होता. बाळंतपण सासरीच झालं, मुलगी झाली, आणि बारशाला अप्पा पहिल्यांदा त्या घराचा उंबरा चढले. रीत पुरी झाली होती ना! नातीला मांडीवर घेऊन ते समाधानानं चहा पीत बसले. मग एकदम आठवल्यासारखं म्हणाले, "तुझी परीक्षा तेवढी राहिली बघ. वीस किलोमीटर तर होतं गं, बसनं यायचंस!"

"धारवाडहून हुबळीला वीस किलोमीटर आहे, अप्पा," मी म्हटलं. "हुबळीहून धारवाडला किती, ते कधी मोजलंत का?"

त्यांनी कप खाली ठेवला. संध्याकाळच्या बसनं गेले, आणि चाळीस मिनिटांत घरी पोचले असतील.

अप्पा आता नाहीत. राग मात्र आहे, आणि तो सगळा त्यांच्यावर टाकावा म्हटलं तर टाकता येत नाही. बैठकीत वीस किलोमीटर ऐकून मान डोलावली ती मीच. पैकीच्या पैकी मिळवणारी. बाण काढायला मीच विसरले, आणि त्या दिवशी माझी वही भिरकावून परत देणारं तिथं कोणी नव्हतं.