चांदनीची गंगाबाई

शनवाऱ्यातले वसंत मास्तर बोलणाऱ्याला मध्येच थांबवून विचारीत, "हा शब्द कोणाच्या घरचा?" निवृत्तीनंतर ते जुन्या मराठी कागदांचा हिंदी अनुवाद करून देत, कारण आमच्या बऱ्हाणपूरच्या कचेऱ्या हिंदीत चालतात. "‘आम’ घ्या अण्णा," ते मला सांगत. "हिंदीतला आम म्हणजे आंबा, तो आम्रातून आला. वैद्याचा आम म्हणजे न पचलेलं अन्न, तो संस्कृतातलाच, पण निराळा. आणि आम रस्त्यातला आम अरबी, म्हणजे सगळ्यांचा. तोंडं सारखी, घरं तीन. नुसतं तोंड पाहून सोयरीक नाही जुळवायची."

माणूस कायम धास्तावलेला. अनुवाद दिला की दुसऱ्या सकाळी पक्षकाराच्या दारात उभा: "जरा कागद बघू, एखादी ओळ सुटली तर नाही ना?" गेल्या वर्षी ते वारले. त्यांना आलेले सर्वांत कठोर पत्र बहुधा माझे असावे.

धूलकोटजवळच्या आमच्या केळीच्या शेतात माझी आतेबहीण शकू वाटा मागत होती. मजजवळ जुने हक्कसोडपत्र होते: गंगाबाईने हिस्सा सोडला. गंगाबाई म्हणजे माझी आत्या, शकूची आई. एवढे मला पुरेसे होते. मास्तरांनी आठ दिवस कागद अडकवला. सुनावणी उद्यावर आली, तेव्हा मी तीन पानी नोटीस धाडली: विलंब, कर्तव्यच्युती, परिणामांची जबाबदारी.

ते स्वतःच आले.

"अण्णा, ह्या गंगाबाईंचं सासर चांदनी लिहिलंय. तुमच्या आत्याबाई तर धूलकोटला नांदल्या."

"लेखनिकाची चूक! नाव तेच, शेत तेच. आणि अनुवादकाला मत देण्याचा अधिकार नाही."

"एकदम बरोबर. म्हणून मत नाही दिलं. चांदनी तेवढं लिहिलं." त्यांनी कपाळ पुसले. "तुमच्या आजोबांची चुलत बहीणही गंगाबाईच होती ना? दोन दिवस घास उतरत नाही हो. दाखल करा, सही केली आहे मी."

तहसीलदारांनी अनुवाद भरभर चाळला. चांदनीवर त्यांची नजर ठरली नाही. शकू भिंतीशी उभी होती, मास्तर दाराशी. त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

"ये गंगाबाई आपकी बुआ ही हैं न?" साहेबांनी लेखणी उचलली.

एका होकाराने सबंध शेत माझे होत होते. शकूने कागदावर हरकत घेतली नव्हती, मुदत टळली नव्हती, कागद अस्सल होता.

"नहीं साहब," मी म्हणालो, "ये दूसरी हैं."