खड्ड्याचं पाणी

२८ मार्च १९९४. मॅनेजरांनी टाइप करून पाठवलेल्या अपघाताच्या कागदावर मला साक्षीदार म्हणून सही करायची होती. कागद म्हणत होता, ‘वायरमन अंबादास खिल्लारे, स्वतःच्या निष्काळजीपणामुळे मयत.’ तो तसाच गेला तर त्यांच्या बायकोला भरपाई मिळणार नव्हती.

सेलूच्या आमच्या कापसाच्या जिनिंगमध्ये खिल्लारे रोज चहाच्या आधी अर्थिंगच्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतायचे. मीठ-कोळशाचा तो खड्डा ओला असला, तरच सुटलेली वीज जमिनीत उतरते. शिपाई त्यांना माठातलं पाणी वरून ओंजळीत ओतू बघायचा. ते म्हणायचे, "माझं मी आणलंय. ते खड्ड्याला द्या. त्याला बाट लागत न्हाई." मी ऐकायचे आणि रजिस्टर पुढे ओढायचे.

खरेदी कचेरी फाटकाशी, हिशेब कचेरी आवारापलीकडे. दोन्हीकडे तीन-तीन कॉम्प्युटर, आपापल्यात जोडलेले. इकडची माहिती तिकडे मी न्यायची, बिस्किटाच्या डब्यात फ्लॉप्या घालून. मॅनेजरांनी ठरवलं, मधून केबल टाकून दोन्ही जाळी एक करायची.

खिल्लारेंनी केबल ओढली, पण खरेदीकडचं टोक मोकळं ठेवलं. "दोन्ही इमारतींची अर्थिंग अलग हाय, एकीकडचा करंट तारेतनं दुसरीकडं जाईल. आधी तांब्याची पट्टी टाकून ती जोडू. आठ दिस द्या."

"विद्यापीठाला नाव जोडून घेतलंत ना?" मॅनेजर म्हणाले. "मग एका तारेचं काय एवढं?"

"नाव जोडायला सोळा वर्षं लागली, साहेब. लय घरं जळाली त्यात. मी आठ दिस मागायलोय."

पट्टी आली नाही. त्याच आठवड्यात ताडकळसला त्यांची बहीण वारली. जाताना मला म्हणाले, "बाई, खड्ड्याचं तेवढं तुमी बघा. दुसऱ्या कुणाचा भरोसा न्हाई."

पाण्याची ओढ होती. त्या दोन बादल्या मी कुलरमध्ये ओतायला सांगितल्या. मॅनेजरांनी परस्पर टोक जोडून घेतलं. दोन्ही कचेऱ्या एकमेकींशी बोलायला लागल्या, माझ्या फेऱ्या वाचल्या. मला बरंच वाटलं.

पाचव्या दिवशी खिल्लारे आले. जोडलेलं टोक बघून थेट तिकडे गेले.

"कुणी केलं हे? काढतो आधी. बाई, खड्ड्यात पाणी टाकलं ना?"

"टाकलं," मी म्हणाले.

त्यांनी एक हात कॉम्प्युटरच्या पत्र्यावर टेकवला, दुसऱ्याने टोक धरलं. पत्र्यात कुठल्याशा मोटरचा करंट उतरलेला होता आणि खड्डा कोरडा होता. ते जागीच कोसळले. शिपायाने धावत तांब्या आणला, या वेळी तोंडाला लावला. पाणी गालावरून खाली गेलं.

कागद दिवसभर टेबलावर पडून राहिला. सही केली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर जाऊन मी खड्ड्यात दोन बादल्या ओतल्या. मग परभणीची एसटी धरली आणि सरकारी कचेरीत हाताने लिहून दिलं: टोक मॅनेजरांनी जोडायला लावलं. खड्डा मी कोरडा ठेवला. खिल्लारेंनी मला विचारलं होतं. मी खोटं सांगितलं.