पडद्यावरचा आमचा कोना

“बाई, उठा तिथून. ती खुर्ची पाहुण्यांची आहे.”

गोंदियातल्या एका कॉलेजचं सभागृह. पहिली रांग. खुर्चीच्या पाठीवरची नावाची चिठ्ठी सकाळी मीच चिकटवली होती. चोवीस खुर्च्या, चोवीस नावं. यादी मला आयती मिळाली होती. मी ती तपासली, तीन आडनावांच्या चुका दुरुस्त केल्या. माझं नाव तिच्यात नव्हतं. ते शोधावं असं मला सुचलंसुद्धा नव्हतं.

त्या खुर्चीचा पाहुणा आलाच नव्हता. सकाळी सहापासून उभं राहून माझे पाय सुजले होते, म्हणून टेकले. पुण्याहून आलेल्या समन्वयक साहेबांनी सगळ्यांदेखत उठवलं. मी उठले. मागे दाराजवळ जाऊन उभी राहिले. तोवर मला राग आला नव्हता. लाज वाटली होती, तीही स्वतःचीच.

कार्यक्रम मॅडमचा होता. मॅडम मूळच्या पुण्याच्या, आता परदेशातल्या एका विद्यापीठात दक्षिण आशियाचा अभ्यास शिकवतात. आमच्या जिल्ह्यातले जुने तलाव हा त्यांचा विषय. तलाव बांधणाऱ्या शेतकरी घराण्यांवर पुष्कळ लिहून झालं, मासे धरायला तलावात उतरणाऱ्या ढिवर बायकांवर कोणी लिहिलं नाही, ते आपण करू, असं त्या पहिल्या भेटीत म्हणाल्या. तेव्हा मला रडू आलं होतं. मी ढिवराची. बारावी झालेली, बचत गटाच्या वह्या लिहून लिहून अक्षर वळलेलं. मॅडमनी मला मानधनावर ठेवलं. त्या मानधनावर मुलीचं नर्सिंग चालू होतं. दुसरा आधार नव्हता.

दोन वर्षं मी आमचं गाव आणि आणखी चार गावं फिरले. कोणती मासोळी कोणत्या महिन्यात, कोणतं गवत कोणत्या काठाला, आणि हे सांगितलं कोणी. सांगणारीचं स्वतःचं नाव लिहायचं, नवऱ्याचं नाही, हा माझा नियम. अपुरी यादी मला बघवत नाही. तेच आम्हाला भोवलं.

आमच्या तलावात एक कोना आहे. वैशाखात बाकी सगळं पाणी आटतं, तिथे मात्र कमरेच्या वर राहतं. मरळ, वाडीस, दाडक, मासोळीतलं जे वाचायचं ते तिथेच वाचतं आणि पाऊस लागला की तिथूनच तलावभर पसरतं. थंडी सरता सरता आमचे लोक तिथे बाभळीच्या काटेरी फांद्या बुडवून ठेवतात, कोणी जाळं टाकलं तर फाटावं म्हणून. आम्ही स्वतः तिथे उतरत नाही. बाहेरच्यापुढे त्या जागेचं नाव काढत नाही. आपसांत बोलायचं झालं तरी नुसतं ‘थो कोना’, म्हणजे तो कोपरा. तलावातल्या मासेमारीचा ठेका ज्याच्याकडे आहे, तो ठेकेदार तिथे खडक आहे असंच समजत होता.

जागा मला लहानपणापासून माहीत होती. पण यादीत सांगणारीचं नाव हवं. म्हणून मोठमायला, माझ्या मोठ्या चुलतीला, रीतसर विचारलं. ती कितीतरी वेळ बोटानं माती उकरत बसली. मग म्हणाली, “तुले सांगून राहिली, बाई. वहीले नाही.”

मी मान हलवली. आणि घरी येऊन वहीत लिहिलं. पाळीवरून, म्हणजे तलावाच्या बांधावरून, किती पावलं, कोणत्या झाडाच्या रेषेत. खाली मोठमायचं नाव. मग वही मॅडमना दिली, आमच्या गावच्या इतर वह्या दिल्या तशी.

सभागृहात पडद्यावर आमचा तलाव आला. वरून काढलेला फोटो, आणि त्या कोन्यावर तांबडा ठिपका. मॅडम म्हणाल्या, “ही जागा आजवर कुठल्याही नकाशावर नव्हती.” टाळ्या वाजल्या. दुसऱ्या रांगेत ठेकेदार बसला होता. त्याला निमंत्रण मीच नेऊन दिलं होतं, ‘स्थानिक प्रतिष्ठित’ या मथळ्याखाली तो चौथा होता. त्यानं मोबाइल वर धरला, पडद्याचा फोटो काढला. मग दोन बोटांनी तो मोठा करून पाहिला.

मी दारातून ओरडले, “मॅडम, तो नकाशा काढा!”

सगळ्या माना वळल्या. मॅडम हसल्या. माइकवर म्हणाल्या, “या आमच्या फील्डवरच्या ताई. फार जीव आहे त्यांचा या कामात. ताई, प्रश्नोत्तरं नंतर आहेत हं. तोवर जरा चहाचं बघता का?”

सभागृह हसलं. ते हसणं दुष्ट नव्हतं, कौतुकाचं होतं. घरातल्या कामवालीचं करतात तसलं.

आणि मी गेले. चहाचं बघितलं. कप मोजले, बिस्किटं लावली. हे लिहिताना हात थांबतो. ठेकेदारालाही चहा मीच दिला. तो म्हणाला, “बढिया काम किया बाई. हम तो पत्थर समझते थे.”

सभागृह रिकामं झाल्यावर मॅडमनी माझ्या हातात कागदांचा गठ्ठा ठेवला. “पुढच्या टप्प्याचा निधी मिळतोच आहे. उरलेल्या चार गावांची वही तुमच्याकडे आहे, ती द्या. आणि या संमतीपत्रांवर बायकांच्या सह्या, अंगठे. निधी देणाऱ्यांची अट आहे, माहिती सर्वांसाठी खुली ठेवायची.”

“मॅडम, ठेकेदारानं फोटो काढला.”

“ज्ञान कोणा एकाचं नसतं, ताई.”

“मग सांगणारीचं नाव काऊन नव्हतं पडद्यावर?”

“गोपनीयता. त्यांच्याच भल्यासाठी.”

बाईचं नाव झाकलं. कोना उघडा टाकला. एवढं कळूनही मी गठ्ठा पिशवीत घातला. मुलीचं शेवटचं वर्ष डोळ्यांसमोर होतं.

चौथ्या दिवशी ठेकेदाराची माणसं दोर आणि आकडे घेऊन पाण्यात उतरली. काटेरी फांद्या ओढून पाळीवर टाकल्या. मग दोन दिवस जाळी. पिशव्या भरभरून मासोळी गेली, अंड्यांनी पोटं फुगलेली. आमच्या बायका पाळीवर बसून बघत होत्या. कायद्यानं ठेका त्याचा. बोलायला तोंड नव्हतं.

मी पोचले तशी एक जण म्हणाली, “आल्या वो मॅडम! लिहा, लिहा. आज कोन कोन मेलं थे लिहा.”

दुसरी म्हणाली, “पुढच्या साली आपल्या इथल्या गोरेगावच्या बाजारात काय विकशील? तुई वही?”

मोठमायनं नुसतं विचारलं, “कोनं सांगतलं त्याईले?”

“मी लिहिलं, मोठमाय.”

ती उठली. माझ्याकडे न बघता घराकडे गेली. त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. मी दारात जाते, ती आत जाते.

मी पाळीवर एकटीच बसले. पिशवीत संमतीपत्रं होती आणि चार गावांची वही. त्या वहीत आणखी चार कोने होते. चारही गावांतल्या बायकांनी आवाज खाली घेऊन सांगितलेले. मोठमायनं सांगितला तसेच. प्रत्येकीनं मला घरची समजून सांगितलं होतं. मी मात्र कोणाच्या तरी वतीनं ऐकत होते.

तिथूनच मॅडमना फोन लावला. “वही देणार नाही. सह्या आणणार नाही.”

त्या शांतच होत्या. “ताई, भावनेच्या भरात ठरवू नका. मानधन थांबेल. मुलीचा विचार करा.”

“केला,” म्हटलं. “तिच्यासाठीच इतके दिवस गप्प होती.”

मानधन थांबलं. मुलीची फी कुठून येणार, मला आज माहीत नाही. आमच्या तलावात यंदा पावसानंतर काय पसरेल, तेही माहीत नाही. मला हे काही परत आणता येत नाही.

पण एक करता येतं, ते करते आहे. निधी देणाऱ्यांना पत्र पाठवलं, मराठीत. पाच गावांनी संमती दिलेली नाही, आमचा कोना तुमच्या नकाशातून काढा, आणि आमच्या गावातल्या ज्या बायकांना हे पटलं त्यांची पूर्ण नावं खाली. एकही नाव झाकलेलं नाही. मोठमायचं नाव तिच्या परवानगीशिवाय घातलं नाही. मग एस.टी.नं एकेका गावी जाते आहे. बायकांना पाळीवर बोलावते, काय झालं ते सांगते, शिव्या ऐकून घेते, आणि त्यांच्या कोन्याचं पान त्यांच्यासमोर फाडून त्यांच्याच हातात देते. दोन गावं झाली. उद्या तिसरं.

पुढे कोणी कितीही मोठ्या विद्यापीठाचं पत्र घेऊन आलं, तरी आधी पाळीवर, सगळ्या बायकांत बसून बोलावं लागेल. हे कोण बघणार, कोणाच्या हातात जाणार, याचं उत्तर आमच्या बोलीत द्यावं लागेल. ते मिळेपर्यंत मी एका मासोळीचं नावसुद्धा सांगणार नाही. कोणाला सांगूही देणार नाही.