धाग्याच्या टोकाचा फोटो

गिरणीच्या लेबर ऑफिसरनं टेबलावर कापडाचा तुकडा टाकला आणि म्हणाला, "कांबळेबाई, दोन फोटो. एक लांबून, एक जवळून. मत नको."

मी मत दिलंच नव्हतं. नुसतं "हे काय झालं?" एवढं विचारलं होतं.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. सांगलीजवळ माधवनगरला माझा छोटा स्टुडिओ होता. लग्नं, बारशी, पासपोर्ट फोटो हे नेहमीचं. शिवाय जवळच्या एका कापड गिरणीचं काम होतं. तिथल्या सगळ्या कामगारांच्या ओळखपत्रांचे फोटो मी काढायचे. वर्षातून एकदा सत्यनारायण आणि बक्षीस समारंभ. बाईमाणूस गिरणीत कॅमेरा घेऊन फिरते याचं सुरुवातीला लोकांना नवल वाटायचं. नंतर त्यांना माझी सवय झाली, मला त्यांची.

तुकडा हातभर लांबीचा होता. मधोमध वीतभर रुंद भगदाड. कापडात जे उभे धागे असतात त्यांना ताणा म्हणतात, आडव्यांना बाणा. इथं ताण्याचे धागे ओळीनं तुटले होते. बघितल्यावर कुणीही म्हणेल, ब्लेड मारलंय. मी सांगितल्याप्रमाणे दोन फोटो काढले आणि बाहेर पडले.

बाहेर बाकावर आनंदामामा बसला होता. तेवीस वर्षं त्या गिरणीत माग चालवणारा माणूस. त्याच्या कार्डावरचा फोटो मीच काढला होता.

"ताई, कापडाचा फोटो काढला न्हवं?" त्यानं विचारलं.

"काढला. का?"

"त्यो माज्या मागावरचाय. मास्तरशी भांडलो म्हणून रागानं ब्लेड मारलं, आसं म्हणत्यात. सस्पेंड केलंय मला. चौकशी बसवलीया. शाबीत झालं की घरी."

मास्तर म्हणजे विव्हिंग मास्तर, माग खात्याचा प्रमुख. मी विचारलं, "मारलं का ब्लेड?"

"न्हाई. धोटा अडाकला. चार दिस सांगतोय मास्तरला, पट्टा ढिला झालाय, धोटा पल्याड पोचत न्हाई. कुणी बघंना. त्यावरनंच भांडान झालं."

धोटा म्हणजे शटल. आडवा धागा घेऊन तो मागाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावतो. एक पट्टा त्याला धक्का देतो. पट्टा ढिला असला की धोटा अर्ध्यात थांबतो, उभ्या धाग्यांमध्ये सापडतो, आणि माग तसाच पुढे दाबत राहिला की शेकडो धागे एकदम तुटतात. गिरणीत त्याला स्मॅश म्हणतात.

"दिसायला तर कापल्यासारखंच दिसतंय, मामा," मी म्हटलं.

"लांबनं तसंच दिसणार. आवं, टोकं बघा की धाग्याची. कापल्यालं टोक येगळं, ताणून तुटल्यालं येगळं. पर माजं ऐकतंय कोण?"

मी परत आत गेले. एक फोटो हलला असावा, असं सांगितलं. लेबर ऑफिसर फोनवर होता, त्यानं नुसत्या हातानं 'काढा' अशी खूण केली.

एवढ्या बारीक गोष्टीचा फोटो काढायला मॅक्रो लेन्स लागते. साधी लेन्स वस्तूच्या फार जवळ नेली की फोकसच होत नाही. मॅक्रो लेन्स अगदी मुंगीजवळ नेली तरी चालते. ती तेव्हा सांगलीत माझ्या माहितीत कुणाकडेही नव्हती, आणि माझा सगळा स्टुडिओ विकला असता तरी मला परवडली नसती. पण एक जुनी युक्ती मला ठाऊक होती. नेहमीची पन्नास एमएमची लेन्स कॅमेऱ्यावरून काढायची आणि उलटी धरायची, पुढचं तोंड कॅमेऱ्याकडे. मग तीच लेन्स भिंगासारखी काम करते. अडचणी दोन. लेन्स हातानं दाबून धरावी लागते. आणि फोकस इतका पातळ असतो की श्वास घेतला तरी चित्र निसटतं. मी श्वास रोखून, फ्लॅश मारून चार फोटो काढले.

डार्करूममध्ये प्रिंटवर चित्र उमटलं तेव्हा मी रसायनाच्या ट्रेवरच वाकून बघत राहिले. धाग्यांची टोकं झाडूसारखी पिंजलेली होती. तंतू कमीजास्त लांबीचे, निमुळते, ओढून तुटलेले. ब्लेड कुठंच नव्हतं. मला राग आला, आणि तो आधी स्वतःचाच. कारण लांबून काढलेला माझा पहिला फोटो खोटं बोलत होता, आणि त्याच्या पाठीवर माझ्या स्टुडिओचा शिक्का बसणार होता.

तिन्ही फोटो घेऊन मी गेले. लेबर ऑफिसरनं दोन ठेवून घेतले. तिसरा परत सरकवला.

"हा सांगितला नव्हता."

"साहेब, याच्यात टोकं दिसतात. चौकशीत लागेल."

"चौकशीत काय लागेल ते आम्ही बघू. तुमची ओळखपत्रं वेळेवर द्या म्हणजे झालं."

यात धमकी होती हे मला कळलं. ओळखपत्रांचं काम गेलं असतं तर माझं कंबरडं मोडलं असतं. पण कंपनीनं घेतला नाही म्हणजे तो फोटो माझाच राहिला, आणि माझा फोटो मी कुणालाही देईन. संध्याकाळी मी तो आनंदामामाच्या घरी नेऊन दिला.

चौकशी करायला साताऱ्याचे एक वकील नेमले होते. कंपनीनंच नेमलेले, त्यामुळे आनंदामामाला त्यांच्याकडून काही आशा नव्हती. मला साक्षीला बोलावलं. टेबलावर माझे तीन फोटो होते. आधीचे दोन कंपनीकडून, टोकांचा कामगाराकडून. तिन्हींवर माझाच शिक्का.

मास्तरनं टोकांचा फोटो उचलला. "हे धागे आहेत की दोरखंड? माप कुठाय? कुठल्या कापडाचा आहे, कुणाला माहीत. आणि फ्लॅशनं चमकून टोकं पिंजल्यासारखी दिसतात. बाईंकडं मॅक्रो लेन्स आहे का, विचारा."

वकिलांनी माझ्याकडे बघितलं. "आहे का?"

"नाही. साधी लेन्स उलटी धरली."

मास्तर हसला. "उलटी लेन्स, उलटा फोटो."

मला ते लागलं. पण खरं सांगायचं तर त्याचा एक मुद्दा बरोबर होता. फोटोत माप नव्हतं. केस असो की नाडा, जवळून सगळं सारखंच मोठं दिसतं. तेवढ्यात मास्तरच्या खिशाकडे लक्ष गेलं. खिशातून पितळी पिक ग्लास डोकावत होता.

पिक ग्लास हे गिरणीतलं भिंग. घडीचं असतं. उघडून कापडावर उभं केलं की वर भिंग आणि खाली बरोबर एक इंचाची चौकट, कडेला बारीक रेघांची पट्टी. चौकटीत किती धागे आहेत ते मोजायचे आणि कापड पास की नापास ते ठरवायचं.

"साहेब," मी वकिलांना म्हटलं, "मी आत्ता इथं, सगळ्यांसमोर फोटो काढते. फ्लॅश नाही. मास्तरांचा पिक ग्लास द्या. त्याच्यात मापाची पट्टी आहेच."

"भिंगातून फोटो?" मास्तर म्हणाला.

"भिंगातूनच."

वकील म्हणाले, "मास्तर, द्या त्यांना."

मी स्टुडिओतून एन्लार्जरचा खांब आणला. एन्लार्जर म्हणजे निगेटिव्हवरून मोठा प्रिंट काढायचं यंत्र. त्याचं डोकं काढून खांबाला कॅमेरा खाली तोंड करून बांधला. खाली कापड, कापडावर पिक ग्लास, त्याला टेकून माझी लेन्स, यावेळी सुलटी. सुलट्या लेन्ससमोर चांगलं भिंग आलं की तीही जवळचं बघायला लागते. उजेड खिडकीचा, आणि दुसऱ्या बाजूनं एक दाढीचा आरसा.

कापड मांडताना मला एक गोष्ट दिसली. मागावरून हा तुकडा उतरवताना कंपनीच्याच माणसांनी तो कात्रीनं कापला होता. म्हणजे धागा तोच, आणि त्याची कापलेली टोकं तुकड्याच्या कडेला आयती हजर होती. मी कापड दुमडलं. कडेची कापलेली टोकं आणि भगदाडाची तुटलेली टोकं एकाच इंचाच्या चौकटीत शेजारी शेजारी आली.

"साहेब, कात्रीची आणि भगदाडाची, दोन्ही बाजू तुम्हीच तपासून घ्या," मी म्हटलं. वकिलांनी तपासल्या. मास्तरलाही दाखवल्या. त्यानं मान डोलावली, पण त्याला तेव्हा त्यातलं गांभीर्य कळलं नसावं.

आता नवीनच भानगड. शेजारच्या शेडमध्ये माग चालू होते आणि टेबल थरथरत होतं. मला एक सेकंदाचं एक्स्पोजर हवं होतं, म्हणजे तेवढा वेळ फिल्मवर उजेड पडू द्यायचा. एवढ्या मोठ्या चित्रात नुसत्या थरथरीनं सगळं पुसून जातं.

"माग बंद करावे लागतील," मी म्हटलं.

मास्तर उसळला. "एका फोटोसाठी सगळी शेड बंद? डोकं फिरलंय का?"

"तर सुट्टीपर्यंत थांबू," वकील म्हणाले. "मला घाई नाही."

जेवणाच्या सुट्टीचा भोंगा झाला. माग एकेक करत थांबले. टेबल शांत झालं. मी अर्धा, एक आणि दोन सेकंद असे सहा फोटो काढले. कुणी खुर्चीसुद्धा हलवली नाही. आनंदामामा भिंतीला टेकून उभा होता.

रोल काढून मी वकिलांच्या हातात दिला. "तुमच्याकडंच ठेवा. धुवायलाही तुम्हीच बरोबर चला."

आणि खांब परत घेऊन मी निघाले तेव्हा ते आलेही. माझ्या डार्करूमच्या लाल उजेडात गुडघ्यावर टोपी ठेवून तासदीड तास बसून राहिले. प्रिंटवर चित्र उमटायला लागलं तसे उठून ट्रेपाशी आले. म्हणाले, "याच्या तीन प्रती काढा."

दुपारी ओलसर प्रिंट टेबलावर गेले. फोटो गोल आला होता, कडांना काळोख, कडेचं चित्र थोडं फिसकटलेलं. पण मधला भाग लख्ख. डावीकडे कात्रीची टोकं, सगळी एका रेषेत बोथट. उजवीकडे भगदाडाची टोकं, पिंजलेली. खाली पट्टीच्या रेघा.

मास्तरनं फोटो खिडकीशी नेऊन बघितला. म्हणाला, "कडा काळ्या आल्यात. हे साधं भिंग आहे. मॅक्रो लेन्सचा असता तर मानला असता."

एवढा वेळ मी तोंड आवरलं होतं. आता आवरलं नाही.

"मास्तर, याच भिंगातून बघून तुम्ही रोज कापडाची ठाणं नापास करता. विणणाऱ्याची मेहनत वाया गेली म्हणून सांगता. कुणी म्हणालं, भिंग साधं आहे, तर ऐकता का? हे भिंग खोटं बोलत असेल तर आजवर नापास केलेली सगळी ठाणं परत आणा. खरं बोलत असेल तर हा फोटो माना. दोन्हीतलं एक काहीतरी करा."

लेबर ऑफिसर माझ्याकडे बघत होता. त्या नजरेत मला माझं ओळखपत्रांचं काम बुडताना स्पष्ट दिसलं.

वकिलांनी चष्मा पुसला. "मास्तर, या मागाचा पट्टा शेवटचा कधी बदलला?"

"रजिस्टर बघावं लागेल."

"मागवा."

रजिस्टर आलं. वकिलांनी पान उलटलं आणि मोठ्यानं वाचलं. पट्टा बदलला होता. कापड फाटलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी.

"पट्टा चांगला होता तर बदलला कशाला?" त्यांनी विचारलं. आनंदामामा भिंतीपाशीच खाली बसला आणि उपरण्यात तोंड घालून रडला. मी त्याच्याकडे बघायचं टाळलं, कारण मलाही रडू येत होतं आणि त्या लोकांसमोर मला रडायचं नव्हतं.

वकिलांनी अहवालात आरोप सिद्ध होत नाही असं लिहिलं. कंपनीनंच नेमलेल्या माणसानं लिहिलेलं कंपनीला खोडता येईना. पंधरा दिवसांत आनंदामामा मागावर परत गेला. मास्तरची बदली झाली नाही, त्याला कुणी बोललंही नाही. तसं होईल असं मला वाटलंही नव्हतं.

माझं गिरणीचं काम त्या महिन्यात बंद झालं. ओळखपत्रं कोल्हापूरच्या एका फोटोग्राफरकडे गेली. त्याच्याकडे म्हणे मॅक्रो लेन्स होती. ओळखपत्राच्या फोटोला मॅक्रो लेन्स कशाला लागते, हे मला आजतागायत कुणी सांगितलेलं नाही. एक वर्ष ओढाताणीत गेलं. पुढं सावरलं.

आता फोटोग्राफी शिकणारी पोरं-पोरी येतात आणि विचारतात, मॅक्रो लेन्स परवडत नाही, काय करू? मी सांगते, आहे ती उलटी धरा, समोर भिंग लावा, कडा काळ्या आल्या तर येऊ द्या. लेन्सचं काही ना काही जमतं. पण ज्याला तो फोटो बघवणार नाही, त्याला आधी शेजारी बसवा आणि मग बटण दाबा.