पानक बंद केलं ते वर्ष

बेंगळुरूचं महापौरपद हे वर्षभराचं मखर आहे. वर्षभर हार घ्यायचे, फिती कापायच्या, सभेत तो जाड झगा घालून घामाघूम व्हायचं, आणि वर्ष भरलं की खुर्ची दुसऱ्याला द्यायची. खरा कारभार आयुक्तांच्या हातात. मला हे ठाऊक होतं, तरी निवड झाली तेव्हा मी लहान मुलीसारखी हरखले होते. आमचे पूर्वज मराठी फौजेबरोबर सतराव्या शतकात इथे आले आणि परत जायचं विसरले. घरात मराठी आणि दारात कन्नड बोलणाऱ्या आमच्या माणसांपैकी एकीला हा मान मिळाला, म्हणून पेटेतल्या, म्हणजे जुन्या बाजारपेठेतल्या, आमच्या गल्लीत फटाके वाजले. सगळ्यात मोठी माळ माझ्या थोरल्या भावाने, अण्णाने, लावली होती.

आई-वडील गेल्यावर माहेर म्हणून मला उरला होता तो अण्णाच. माझा नवरा मस्कतला नोकरीला, मुलगी लग्न होऊन हुबळीला. वहिनी वारल्यावर अण्णाही त्या जुन्या घरात एकटाच राहत होता. गौरीच्या सणाला माहेरहून सासुरवाशिणीला सूप भरून बागिन, म्हणजे बांगड्या-धान्याचं वाण, जातं, ही इकडची रीत. वहिनीमागेही तो स्वतः ते सूप भरायचा, रिक्षात मांडीवर घेऊन जयनगरला माझ्या फ्लॅटवर यायचा आणि बांगड्यांचं माप दर वर्षी न चुकता चुकवायचा. “हात बारीक कर की जरा, पुट्टी,” असं मलाच वर सुनवायचा. पुट्टी म्हणजे छोटी. मी साठीला आले होते.

त्या उन्हाळ्यात कॉलरा आला. बोअरवेल आटलेल्या, गल्लोगल्ली टँकर, कुठलं पाणी कुठून येतंय याचा कुणाला पत्ता नाही. हेब्बाळच्या पलीकडे मजुरांच्या पत्र्याच्या शेडमधून पहिले आजारी आले, मग सगळीकडून येऊ लागले. मी हॉस्पिटलात गेले तेव्हा एक बाई आपल्या मुलाला चमच्याने मिठा-साखरेचं पाणी पाजत होती आणि ते तितक्याच वेगाने बाहेर येत होतं. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. महापौर असणं इतकं निरुपयोगी मला आधी कधी वाटलं नव्हतं.

रामनवमी तोंडावर आली होती. या शहरात रामनवमीला कोपऱ्याकोपऱ्यावर मंडप लागतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला पानक, ताक, भिजवलेल्या डाळीची कोसंबरी वाटतात. पानक म्हणजे गूळ, सुंठ, वेलची आणि लिंबू घातलेलं गार पाणी. उन्हातून आलेल्या माणसाला दुसरं काही नको असतं. आमच्या घरचा मंडप पिढ्यान् पिढ्यांचा. अंगणातल्या विहिरीचं पाणी, तांब्याचा हंडा, आणि पळी फक्त घरच्या कर्त्या माणसाच्या हातात. अण्णा त्या दिवशी सगळ्यांना पाजून मगच स्वतः तोंडाला पाणी लावायचा. आमच्या घरात याला नेम म्हणतात, आणि नेम एकदा मोडला की मोडलाच, असं मानतात.

आयुक्तांनी सगळे मंडप बंद करायचं ठरवलं, पण जाहीर करायची वेळ आली तेव्हा ते म्हणाले, “मेडम, हे तुम्ही सांगितलं तर लोक ऐकतील.” अर्थ सरळ होता: शिव्या तुम्ही खा. मी कॅमेऱ्यांसमोर बसले आणि सांगितलं, यंदा उघड्यावर काहीही वाटायचं नाही. एका पत्रकाराने विचारलं, तुमच्या माहेरचा मंडप? मी म्हणाले, तोही. हे बोलायच्या आधी अण्णाला फोन करायला हवा होता असं माझी मुलगी म्हणते. मला तसं वाटत नाही. फोन केला असता तर तो शब्द माझ्या तोंडून निघालाच नसता.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा फ्लॅटवर आला. चप्पल काढली, पण आत येऊन बसला नाही.

“आपल्या विहिरीचं पाणी तुझ्याच माणसांनी तपासलं की. काय निघालं?”

“चांगलं निघालं.”

“मग?”

“अण्णा, तुझी विहीर चांगली आहे म्हणून तुला सोडलं, तर बाकीच्यांना काय सांगू? प्रत्येकाला आपलं पाणी चांगलंच वाटतं.”

“मी बाकीचा आहे होय?”

मी त्याला म्हटलं, स्वल्प समजून घे, एक वर्षाची गोष्ट आहे. तो म्हणाला, “एक वर्षाची तुझी खुर्ची आहे, पुट्टी. नेम नाही.”

मग “सरी,” म्हणजे बरं, एवढंच म्हणून त्याने चपला घातल्या आणि जिना उतरला. येतो म्हणाला नाही. येतो न म्हणता आमच्यात माणूस फक्त मयताच्या घरातून निघतो. मी दारात उभी राहून खालचं फाटक लागल्याचा आवाज ऐकला आणि मला भयंकर राग आला. भावाचा आला, आयुक्तांचा आला, त्या विहिरीचासुद्धा आला. ती दूषित निघाली असती तर किती सोपं झालं असतं.

रामनवमीला मी शहरभर फिरले. मंडप नसलेले रस्ते ओकेबोके दिसत होते. पेटेत गाडी शिरली तेव्हा आमच्या दारात एक पोलीस उभा होता. मी सांगितलं नव्हतं, कुणीतरी उत्साहाने पाठवला होता. अण्णा ओट्यावर बसला होता, धुतलेलं धोतर नेसून, शेजारी हंडा पालथा. वयस्कर माणसं येत होती, रिकाम्या जागेला हात जोडून जात होती. मी काच खाली केली. त्याने मान दुसरीकडे वळवली, आणि मी ड्रायव्हरला चल म्हटलं.

साथ ओसरली. बंदीमुळे ओसरली की उन्हाळी पाऊस पडल्यामुळे, हे मला कुणीच छातीठोकपणे सांगू शकलं नाही. माझे सत्कार मात्र झाले. “घरच्यांनाही सोडलं नाही,” असं प्रत्येक भाषणात कौतुकाने यायचं आणि मी शाल सावरत हसायचे. अण्णाला मी फोन करायचे, तो उचलायचा नाही. घरी गेले तर शेजारचे सांगायचे, आत्ताच देवळात गेला. गौरीचा सण आला. मी दिवसभर घराबाहेर पडले नाही, सभासुद्धा चुकवली. बेल वाजली ती कुरिअरवाल्याची. सूप आलं नाही. त्या संध्याकाळी मी खूप रडले, आणि रडताना वाईट याचं वाटत होतं की हे सांगायला ज्याला फोन करावा तो माणूसही तोच होता.

माझं वर्ष संपलं. पुढची रामनवमी आली तेव्हा बंदी कधीच उठलेली होती आणि शहरभर मंडप लागले होते. अण्णाने लावला असेल असं मला वाटलं नव्हतं. पण पेटेतल्या एका शेजारणीने कळवलं की लावलाय. नेम मोडूनही त्याने तो पुन्हा धरला होता, आणि याचा अर्थ मी मला हवा तसा लावून घेतला. रिक्षा केली. गल्लीच्या तोंडाशी थांबायला सांगितलं आणि इतरांसारखी रांगेत उभी राहिले. उन्हाने डोकं तापलं होतं. पुढून सुंठ-वेलचीचा वास येत होता. अण्णा वाकून पळीने प्रत्येकाचा पेला भरत होता, कुणाला बाळा, कुणाला अज्जी म्हणत होता. जरा वाळला होता.

माझी पाळी आली. मी पेला पुढे केला. त्याने वर पाहिलं, पळी हंड्यात ठेवली, हात पुसले. टेबलाखाली वाकून त्याने विकतच्या पाण्याची एक बाटली काढली आणि पाहुण्यांना देतात तशी दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली.

“घ्या मेडम,” तो म्हणाला. “सील बघून घ्या.”

उपहास नव्हता. आवाजात काहीच नव्हतं. त्याने मला उभ्या आयुष्यात पहिल्यांदा अहो-जाहो केलं. मी बाटली घेतली, कारण मागे माणसं खोळंबली होती.

तोच निर्णय मी आजही घेईन. कुणी विचारत नाही, पण विचारलं तर हेच सांगेन.

रिक्षावाला सावलीत थांबला होता. “पानक झालं का, अक्का?” त्याने कन्नडमध्ये विचारलं.

“झालं,” मी म्हणाले, आणि बाटली पिशवीत घातली.