रंगाचं मी बघते

सगळी गल्ली त्यांना हनुवटीकाका म्हणायची. गिऱ्हाईक स्टुलावर टेकलं रे टेकलं की "हनुवटी जरा खाली" हे त्यांच्या तोंडून निघायचंच, मग ते गिऱ्हाईक ओळखपत्रासाठी आलेलं असो की स्थळाला फोटो पाठवायला. बायको म्हणायची, हा माणूस झोपेत उशीलासुद्धा हनुवटी खाली घ्यायला लावतो.

काकांचे गुडघे कुरकुरायला लागले तसा स्टुडिओ लेकीच्या हातात गेला. लेक कामाला वाघ. कॅमेरा, दिवे, गिऱ्हाइकांचे रुसवेफुगवे, सगळं एकटी ओढायची. काकांच्या वाट्याला काउंटरमागची खुर्ची आणि माश्या मारणं आलं. जन्मभर कॅमेऱ्यामागे उभा राहिलेला माणूस असा बसवून ठेवला की लोक त्याला सामानात धरतात. येणारा त्यांच्या डोक्यावरून बघत विचारायचा, "ताई आहेत का?" काकांना ते फार लागायचं. कुणापाशी बोलले नाहीत, पण पोटात अन्न जाईना.

लेकीच्या नजरेतून ते सुटलं नाही. एक दिवस ती म्हणाली, "बाबा, तुम्ही एडिटिंग शिका."

"ते आता एका बटणात होतं ना?"

"होतं की! आणि सगळे एकाच आईच्या पोटचे दिसतात. लोक कंटाळलेत त्याला. एकेक चेहरा बघून हातानं करायला हवं. मला वेळ नाही, आणि तुमच्याइतके चेहरे पाहिलेत कुणी?"

शेवटचं वाक्य बरोबर जागी बसलं. काका दुसऱ्या दिवशी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून कॉम्प्युटरसमोर हजर.

माउसनं त्यांच्या नाकी नऊ आणले. बाण उजवीकडे न्यायचा म्हणून ते माउस सरकवत सरकवत टेबलाच्या कडेपर्यंत जायचे आणि तिथून लेकीला हाक मारायचे. एका गृहस्थाच्या गालावरचा डाग पुसताना त्यांनी त्याची अर्धी मिशी घालवली. लेक हसून हसून बेजार झाली, मग तिनं समजावलं, "मूळ फोटोला हात लावायचाच नाही, बाबा. त्यावर काचेसारखा एक थर टाकायचा. जे काय करायचं ते थरावर. चुकलं तर थर काढून टाकायचा, खाली फोटो होता तसाच."

काकांना हे भलतंच आवडलं. आयुष्यात कुठेच नसलेली सोय होती ती.

हळूहळू हात बसला. डोळ्यांखालची काळजी पुसायची नाही, नुसती उजळायची, नाहीतर माणसाचा पुतळा होतो, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. लग्नाच्या हॉलमधल्या बल्बखाली पिवळे पडलेले चेहरे स्क्रीनवरची रंगाची पट्टी निळ्या बाजूला सरकवून जागेवर आणायला ते शिकले. संध्याकाळी लेक बाहेरच्या कामांवरून परतली की त्यांच्या खांद्यावरून वाकून दिवसभराचे फोटो बघायची आणि म्हणायची, "छान झालेत, बाबा." या दोन शब्दांवर काका जेवायचे, झोपायचे, सकाळी ताजेतवाने उठायचे.

वर्ष असं सुखात गेलं. मग त्यांची एक कुरकुर सुरू झाली. स्क्रीन जुना झाला, सगळं पिवळट दाखवतो. पट्टी आता बरीच लांब सरकवावी लागते. लेक फडक्यानं स्क्रीन पुसून द्यायची. मधूनमधून दाराच्या चौकटीला काकांचा खांदा आपटायचा, तेव्हा ते सुताराच्या नावानं बोटं मोडायचे.

एका दुपारी लेक लग्नाच्या कामाला गेली असताना एक तरुण आई आली. कडेवर तीन महिन्यांचं बाळ. बाळाचा फोटो लेकीनं काढला होता, काकांनी कालच हातावेगळा केला होता. "संध्याकाळी या म्हणाल्या होत्या ताई, पण आमचे हे आत्ताच्याच गाडीनं गावी निघालेत," ती म्हणाली. "सासूबाईंनी बाळ पाहिलं नाहीये अजून. निदान भिंतीवर फोटो तरी लागू दे त्यांच्या."

"त्यात काय एवढं! आत्ता देतो," काका म्हणाले. त्यांना मनातून उकळ्याच फुटल्या. आजवर प्रिंट नेहमी लेकच काढायची. त्यांनी मोठा प्रिंट काढला, चौकटीत बसवला, काच पुसली आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरला.

बाईचा चेहरा पडला. तिनं आधी फोटोकडे पाहिलं, मग झटकन कडेवरच्या बाळाच्या ओठांवरून बोट फिरवलं.

"काका, हा असा का दिसतोय?"

"कसा?"

"निळा." ती फोटोपासून एक पाऊल मागे सरली. "जन्मला तेव्हा अस्साच होता हो. रडलाच नाही. ओठ असेच. काचेच्या पेटीत ठेवलं होतं त्याला, मला हात लावू देत नव्हते." आणि बाळाला छातीशी घट्ट धरून ती तिथेच रडायला लागली. बाळ बिचारं ठणठणीत होतं, आईच्या रडण्यानं जागं होऊन तेही भोकाड पसरून रडलं.

काका फोटो घेऊन दारात उजेडाला गेले. त्यांना गुटगुटीत, गुलाबी बाळ दिसत होतं. उलटसुलट करून पाहिलं, तरी गुलाबीच.

"माझ्या वहिनीच्या मुलीचा इथूनच केला होता गेल्या महिन्यात," बाई डोळे पुसत म्हणाली. "किती सुंदर होता तो."

तो फोटोही काकांनीच केला होता. याच हातानं, पट्टी अशीच सरकवून. मग तो सुंदर कसा निघाला?

लेक आली तेव्हा ते काउंटरमागच्या खुर्चीत बसले होते. चौकट मांडीवर उपडी होती.

"माझं काम तू परत करतेस?"

तिनं कॅमेऱ्याची बॅग खाली ठेवली. "सुरुवातीला खरंच छान व्हायचे, बाबा."

"आणि आता?"

"गेले काही महिने... रंग हलतो."

"किती फोटोंचा?"

"सगळ्यांचा." ती खाली बघत होती. "मला वाटलं, डोळ्यांचं काहीतरी असेल. पण बोलले असते तर तुम्ही पुन्हा या खुर्चीत येऊन बसला असता."

"बसलोच की," काका म्हणाले.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी यंत्रात हनुवटी ठेवायला सांगितली. काकांनी ठेवली. त्यांनी दोन्ही डोळे नीट तपासले. काचबिंदू होता. डोळ्यामागची नस वाळत गेली होती, निळा-पिवळा फरक कळेनासा झाला होता आणि नजरेच्या कडाही गेल्या होत्या. "गेलेलं परत येत नाही," त्या म्हणाल्या. "थेंब देते. उरलंय ते टिकवायचा प्रयत्न करू. पाचसहा महिने आधी आला असतात तर पुष्कळ वाचलं असतं."

लेक बाजूलाच उभी होती. तिच्याकडे बघायची काकांची हिंमत झाली नाही. त्यांना राग आला होता, आणि कुणावर काढावा ते कळत नव्हतं. सुतारावर आला, स्क्रीनवर आला, स्वतःवर आला. सगळ्यात जास्त आला तो रोज संध्याकाळच्या त्या दोन शब्दांचा. पण ते कुणी आणि कशापायी म्हटले होते हे ठाऊक असताना चिडायचं तरी कसं? तिला आता जन्मभर पुरेल एवढं डॉक्टरीणबाईंनी सांगितलंच होतं. घरी येईपर्यंत दोघं हवापाण्याचं बोलत राहिली.

दुसऱ्या दिवशी कामावर निघताना लेकीनं नेहमीसारखे फोटो काढून ठेवले. "बाबा, डाग तेवढे काढा. रंगाचं मी बघते."

काका बसले. पहिलाच फोटो एका मुलीचा होता. गालावरचा डाग पुसायला त्यांनी शेजारची त्वचा उचलून तिथे लावली आणि थांबले. लावलेला तुकडा गालाच्या रंगाचा आहे की नाही? त्यांना तर तसाच दिसत होता. बाळही गुलाबी दिसलं होतं. त्यांनी थर काढला, पुन्हा टाकला, पुन्हा काढला. दुसरा फोटो, तिसरा, तेच. दिवसभर ते वाकून काम करत होते. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटलं, म्हातारा रंगलाय कामात.

दिवस कलताना त्यांनी एकेक फोटो पुन्हा उघडला आणि त्यावरचे आपले सगळे थर काढून टाकले. आले होते तसेच परत ठेवले. पोरीला आधी आपलं काम उसवायचं आणि मग नव्यानं करायचं, असे दुहेरी कष्ट तरी पडू नयेत. त्यांच्या हातून होण्यासारखी तेवढीच एक मदत उरली होती.

लेक आली. हातपाय धुऊन त्यांच्या मागे उभी राहिली आणि वाकून तिनं माउस हातात घेतला. काका तिच्या हाताकडे बघत राहिले, समोरचं अजून स्वच्छ दिसत होतं. पहिला फोटो उघडला. दुसरा उघडला. तिसऱ्यावर हात थांबला. तिन्ही फोटोंवर डाग होते तसेच होते.

मग ती म्हणाली, "छान झालेत, बाबा."