आमच्यात घर लाभत नाही

स्लॅब टाकून दोन पावसाळे उलटले तरी त्या घराला दारं नव्हती, खिडक्या नव्हत्या, भिंतींना प्लास्टर नव्हतं. बँकेचे उरलेले पैसे तयार होते, पण घ्यायलाच कुणी येत नव्हतं. एरवी लोक पैसे सुटावेत म्हणून मॅनेजरच्या केबिनबाहेर ठाण मांडून बसतात. इथं मॅनेजरच लोकांच्या मागं लागले होते.

"मॅडम, ती पिसादेवी रोडची फाइल एकदाची बघा हो," ते म्हणाले. "व्याज वेळेवर येतंय, घर मात्र होत नाही. ऑडिटला मी काय सांगू? काय प्रकार आहे तेवढं तरी कळू द्या."

मी सिव्हिल इंजिनिअर आहे. बँकांसाठी साइट पाहून रिपोर्ट देते. घर बांधायला कर्ज काढलं की बँक सगळी रक्कम एकदम हातात ठेवत नाही. पाया झाला की थोडी, स्लॅब झाला की थोडी, प्लास्टर झालं की थोडी. दरवेळी माझ्यासारखं कुणीतरी जाऊन बघतं, 'एवढं काम झालं आहे' असं लिहितं, मग पुढचा पैसा सुटतो. पूर्ण रक्कम उचलेपर्यंत कर्जदारानं फक्त व्याज भरायचं. त्याला प्री-ईएमआय म्हणतात. ऐकायला बरं वाटतं, पण त्यात मुद्दल एका रुपयानंही हलत नाही. काम जितकं रेंगाळेल तितका पैसा नुसता वाहून जातो.

कर्जदाराचं नाव कैलासराव. मूळचे देवगाव रंगारीचे. शेंद्र्याच्या एका कंपनीत मशिनवर, परमनंट, पगार चांगला. मुकुंदवाडीत दोन खोल्यांचं भाडं भरत होते, वर बँकेचं व्याज भरत होते, आणि स्वतःचं घर उघडं टाकून बसले होते. मला वाटलं, भावकीत वाद असेल, नाहीतर कॉन्ट्रॅक्टर पळाला असेल. बहुतेक वेळा या दोनांपैकीच एक असतं.

त्यांच्या सुट्टीच्या दिवशी साइटवर गेले. सोबत त्यांची बायको संगीताताई थर्मासमधून चहा घेऊन आल्या होत्या. मी कॉलम ठोकून पाहिले, स्लॅबखाली ओल आहे का पाहिलं. काम खणखणीत होतं.

"कैलासराव, काम तर चांगलं झालंय. मग अडलंय कुठं?"

"होईल की मॅडम. सावकाश."

"सावकाश म्हणजे कधी? व्याज किती जातंय माहीत आहे ना?"

"व्हय, माहीत हाय."

"सांगा ना त्यांना खरं काय ते," संगीताताई मागून म्हणाल्या. "लाजता कशाला?"

कैलासराव माझ्याकडे न बघता बोलले. "मॅडम, आमच्यात घर लाभत नाय."

मला आधी हसूच आलं. त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि गिळलं.

"आज्यानं देवगावात दगडी घर बांधलं. वास्तुशांत झाली आन् त्याच साली गेला. मंग मधल्या चुलत्यानं बांधलं, तर वर्षाच्या आत त्याला पान लागलं, तो बी गेला." पान लागलं म्हणजे साप चावला. सापाचं नाव घ्यायचं नसतं म्हणून असं बोलतात. "आन् हितं स्लॅब टाकला त्याच आठवड्यात धाकट्या भावाचा गाडीवरून पडून हात मोडला. तो इशारा व्हता. पुरं झालेलं घर आमच्यात मानूस घेतं. म्हनून थांबलो."

"आजोबांचं वय काय होतं जाताना?"

"असंल सत्तर-पंच्याहत्तर."

"अहो, मग? कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ पडली!"

"दोनदा पडली, मॅडम. तिसऱ्यांदा कुनाच्या जिवावर बघू?"

मी वाद घातला असता, पण मला तरी कुठं तोंड होतं? माझ्या सासरी घरात पापड लाटायचे नाहीत अशी रीत आहे. का, ते सासूबाईंनाही माहीत नाही. मी शिकलेली, लोकांना लोड आणि स्ट्रेस शिकवणारी, पण लग्न झाल्यापासून घरात एक पापड लाटलेला नाही. शेजारच्या काकूंना डाळ देतो, त्या लाटून देतात, आणि आम्ही ताव मारतो. लाटलेला पापड आम्हाला वर्ज्य नाही, फक्त लाटणं वर्ज्य. त्यावरूनच मला सुचलं.

"ताई, तुमचं माहेर कुठलं?"

"वैजापूर."

"तुमच्या माहेरी घर लाभतं का?"

"न लाभायला काय झालं? माझ्या बापानं दोन बांधली. आईबाप दोघंबी ठणठणीत हायेत."

"मग घर ताईंच्या नावावर करा, कैलासराव. मालकीण त्या. तुम्ही आपले त्यांच्या घरात राहायला जा."

कैलासरावांनी थर्मासचं झाकण लावलं. मग म्हणाले, "पन लग्नानंतर ती बी आमच्यातलीच झाली ना?"

"झाली तर झाली," संगीताताई म्हणाल्या. "भाजी बिघडली की वैजापूरचीच असते मी. तुमच्या आईनं किती येळा ऐकवलंय." आम्ही तिघंही हसलो.

त्यांनी गावाकडं जाऊन थोरल्या चुलत्याला विचारलं. म्हातारबुवांनी मान डोलावली. नवऱ्यानं बायकोला मालमत्ता द्यायची तर बक्षीसपत्र करतात, त्याला फार खर्च येत नाही. पण प्लॉट बँकेकडे गहाण होता, म्हणून बँकेची परवानगी लागणार होती. मॅनेजरना कारण सांगितलं तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला.

"मॅडम, हे मी नोटिंगमध्ये काय लिहू? घर लाभत नाही म्हणून?"

"कौटुंबिक कारण लिहा."

त्यांनी तेच लिहिलं. संगीताताई मालकीण झाल्या, कर्जातही त्यांचं नाव आलं, आणि दसऱ्याला काम पुन्हा सुरू झालं. त्या दिवशी मी स्वतःवर फार खूश होते, हे लपवत नाही.

घर पाहावं बांधून म्हणतात, पण या बाईनं ते घर अक्षरशः उभं राहून बांधलं. सकाळचा स्वयंपाक उरकला की रिक्षानं साइटवर हजर. गवंड्यांच्या मागं उभी. पाणी मारलं का, कोपरा गुण्यात, म्हणजे काटकोनात, आहे का, सगळं विचारायची. मी एकदा म्हटलं, "ताई, एवढी काय घाई?"

"मॅडम, लग्न झाल्यापासून किती खोल्या बदलल्या, मोजायला बोटं पुरत नायत. एक घरमालकीण भिंतीला खिळा ठोकू द्यायची नाय. एक म्हनायची, पाव्हणे लई येतात तुमच्याकडं. वैष्णवीचा पाळणा मी दाराच्या चौकटीला बांधला व्हता, तर रंग उडतो म्हनून सोडायला लावला. मला एकदा माझ्या घरात बसून, कुनाला न विचारता, भिंतीत खिळा ठोकायचाय."

वैष्णवी ही त्यांची एकुलती एक मुलगी. फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला होती. कॉलेज सुटलं की आईला न्यायला यायची. पोरगी हसरी, पण त्या दिवसांत जरा घुम्यासारखीच असायची. परीक्षा असेल, असं मी धरून चालले.

प्लास्टर झालं तेव्हा मी गेले, तर संगीताताई सिमेंटच्या गोण्यांवर बसल्या होत्या. चेहरा उतरलेला. ओठ पांढरे पडलेले.

"ताई, बरं नाही का?"

"ॲसिडिटी हाय ओ. हितं कोरा चहा लई व्हतो."

"मग तो सोडा आधी," मी म्हटलं.

टाइल्स बसल्या तेव्हा पुन्हा गेले. ओटा दाखवायला त्या मला आत घेऊन गेल्या, पण दोन खोल्या ओलांडताना दोनदा भिंतीला हात टेकला. साडी अंगावर लोंबत होती. मी म्हटलं, "दाखवून घ्या एकदा डॉक्टरला." तर म्हणाल्या, "दाखवलं की. रक्त कमी हाय म्हनले. गोळ्या चालू हायेत." मग लगेच, "मॅडम, आता किती राहिलं? अक्षय तृतीयेला वास्तुशांत धरलीय. हे पन कबूल झालेत. तुमी जेवायला यायचंय." वैष्णवी दारातच उभी होती. ती आमच्याकडं पाठ करून बाहेर बघत होती.

अक्षय तृतीया आली नि गेली. बोलावणं आलं नाही. कॉन्ट्रॅक्टरला फोन केला तेव्हा कळलं, काम बंद आहे. घरमालकीण गेली, दवाखान्यात नेता नेता.

मुकुंदवाडीत गेले तेव्हा दहावा होऊन गेला होता. खोलीत पाहुणे नव्हते. कैलासराव भिंतीला टेकून बसले होते. मी काही बोलायच्या आत त्यांनीच सुरुवात केली.

"म्हनलं व्हतं ना मॅडम? आमच्यात लाभत नाय. ती आमच्यातलीच व्हती. तुमच्या कागदानं ती वैजापूरची थोडीच व्हते?"

मी त्यांच्यासमोर तशीच खाली बसले. आजोबांच्या वेळी मी वय विचारलं होतं. ही बाई अजून पन्नाशीलाही आली नव्हती.

"पप्पा, घरानं नाही नेलं आईला," वैष्णवी स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. आवाज अगदी सपाट. तिनं आत्तापर्यंत बापाला काहीच सांगितलं नव्हतं, हे त्याच क्षणी माझ्या लक्षात आलं. "आईला आधीपासूनच ब्लीडिंग होत होतं. प्लास्टर सुरू व्हायच्या आधीपासून. मी तिला डॉक्टरकडे नेलं होतं. पिशवीला गाठ आहे, साधी दिसत नाही, ताबडतोब मोठ्या दवाखान्यात न्या म्हणाले ते. तिनं नाही ऐकलं. मला स्वतःची शपथ घातली. पप्पांना कळलं तर काम थांबवतील म्हणाली. म्हणायची, तुझ्या काकाचा नुसता हात मोडला तर दोन वर्षं थांबलं. माझं कळलं तर परत वीट चढायची नाही. वास्तुशांत होऊ दे, दुसऱ्या दिवशी तू म्हणशील तिथं येते." एवढं बोलून ती रडायला लागली. "मी रोज म्हणायचे, पप्पा. रोज. ती म्हणायची, सांगशील तर माझं मेलेलं तोंड बघशील."

तिला जवळ घ्यायला मी उठले. कैलासराव हलले नाहीत.

"थांबवलं असतं," ते म्हणाले. "खरंय तिचं. मी काम थांबवलंच असतं." मग, "आन् तिला दवाखान्यात नेलं असतं. माझ्या येडेपनानं का व्हईना, बाई वाचली असती."

ते बरोबर बोलत होते. संगीताताईंचाही हिशेब चुकलेला नव्हता. इतकी वर्षं संसार केल्यावर नवरा काय करेल हे तिला पुरतं ठाऊक होतं. तो तिला वाचवायला धावला असता, आणि घराचा विषय कायमचा संपला असता. तिला दोन्ही हवं होतं. तिनं एक आधी घेतलं, दुसरं नंतर घेऊ म्हणाली, आणि दुखणं अंगावर काढलं. आमच्या डोळ्यादेखत काढलं. मी तिला ॲसिडिटीवर कोरा चहा सोडायला सांगितलं होतं.

मी तो बक्षीसपत्राचा मार्ग सुचवला नसता तर? हा प्रश्न मी स्वतःला खूपदा विचारला आहे. तेव्हा मी त्यांना देवासारखी भेटले, असं त्या सांगायच्या. मी घराला दोष देत नाही, स्वतःलाही फार देत नाही. पण पिसादेवी रोड टाळता आला तर अजून टाळते.

घराला फक्त रंग आणि पुढचा दरवाजा राहिला होता. कैलासरावांनी त्यात पाऊल ठेवायला नकार दिला. संगीताताईंचे वारस म्हणजे नवरा आणि मुलगी, दोघंच. वैष्णवी विक्रीच्या कागदावर सही करायला तयार नव्हती. बापाशी महिनाभर बोलली नाही. शेवटी तिनंच मला फोन केला. "मॅडम, ते रात्री झोपत नाहीत. विकू दे." घर विकून कर्ज फिटलं, थोडं उरलं, ते वैष्णवीच्या नावानं ठेवलं. दोघं आजही मुकुंदवाडीत भाड्यानंच राहतात. कंपनीतून रिटायर होईपर्यंत घराएवढं भाडं भरून होईल त्यांचं, पण हे त्यांना सांगणार कोण?

घेणारं जोडपं तरुण होतं, वाळूजला नोकरी करणारं. कर्ज त्याच बँकेचं, म्हणून पाहायला पुन्हा मलाच पाठवलं. मुलाची आई सोबत आली होती. तिनं ओटा हातानं चाचपला, नळ सोडून पाहिला, आणि पोरं गच्चीवर गेलेली बघून मला बाजूला घेतलं.

"बाई, खरं सांगा. या घरात कुनी गेलंय का?"

"नाही, मावशी," मी म्हटलं. "या घरात कुणीच गेलेलं नाही. इथं अजून कुणी राहायलाच आलेलं नाही."

"मंग कोरंच हाय की," ती म्हणाली, आणि तिचं समाधान झालं. मी गाडीत येऊन बसले आणि खूप रडले. मग रिपोर्ट लिहिला. बांधकाम उत्तम, दोष नाही.

लोकांच्या समजुती खऱ्या की खोट्या, यावर मी आता साइटवर वाद घालत नाही. त्या समजुतीपायी घरातलं कोण काय लपवतंय, तेवढं मात्र चहा घेण्याआधी विचारते.